वादळाचा उत्तरार्ध

प्रस्तावना

नोव्हेंबर १९८९च्या आरंभी थायलंडच्या आखातात एक वादळ उठले. त्याला 'गे' हे नाव मिळाले. ३ नोव्हेंबरला त्याने 'सीक्रेस्ट' हे समुद्रात विहिरी खोदणारे जहाज उलटवले. जहाजावरच्या ९७ माणसांपैकी ६ वाचली. दुसऱ्या दिवशी वादळ थायलंडच्या चुंफोन प्रांतावर आदळले, मलय द्वीपकल्पाची चिंचोळी पट्टी ओलांडून अंदमानच्या समुद्रात उतरले, बंगालच्या उपसागरातल्या पाण्यावर पुन्हा पोसले आणि ८-९ नोव्हेंबरच्या रात्री आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातल्या कावलीजवळ किनाऱ्याला लागले. थायलंड आणि भारत मिळून या वादळाने हजारावर माणसे मारली. भारतात ते कावलीच्या नावाने ओळखले जाते. पश्चिम प्रशांत महासागराच्या कुशीत जन्मलेला हा टायफून १० नोव्हेंबरला विरला, तो महाराष्ट्राच्या जमिनीवर.

वादळाच्या बातम्या सहसा किनाऱ्यापाशी थांबतात. झाडे पडली, छपरे उडाली, होड्या फुटल्या, माणसे सुरक्षित जागी हलवली. मग 'वादळाचा जोर ओसरला' एवढे सांगून वार्ताहर परततात. वाशीमसारख्या जिल्ह्याची गोष्ट तिथून पुढे सुरू होते. इथून आंध्रचा किनारा सहाशे ते साडेसातशे किलोमीटर, मुंबईचा समुद्र साडेचारशेच्या पुढे. मधे सह्याद्री आहे, गोदावरीचे खोरे आहे, तेलंगणाचे पठार आहे. उधाणाच्या लाटेने इथे कुणाचे घर वाहून गेलेले नाही आणि जाणारही नाही. तरीही रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा आणि वाशीम या सहा तालुक्यांतल्या सोयाबीनचे भवितव्य काही वर्षी दूरच्या समुद्रावर ठरते, तेही पीक काढणीला आल्यावर.

या पुस्तकाचा विषय वादळाचा हा उत्तरार्ध आहे. पूर्वार्धावर जगभर विपुल लिहिले गेले आहे. त्यातले आवश्यक तेवढे इथेही आले आहे. पण पुस्तकाचे म्हणणे एकच आहे. वादळाची पायरी जगभर वाऱ्याच्या वेगावरून ठरवतात. किनाऱ्यावरच्या माणसाला तो हिशेब बरोबर आहे. समुद्रापासून दूरच्या माणसापर्यंत वारा येत नाही, पाणी येते. आणि कागदावर वादळाची पायरी खाली घसरते नेमके तेव्हाच हे पाणी पडायला लागते. म्हणून कमजोर ठरलेले वादळ आपल्यासाठी किती मोठे आहे, हे आपल्यालाच वाचायला शिकले पाहिजे.

आधी जन्माची गोष्ट. उष्ण कटिबंधातले वादळ उभे राहायला काही अटी जुळाव्या लागतात. समुद्राचा वरचा सुमारे पन्नास मीटरचा थर साडेसव्वीस अंश सेल्सिअसहून गरम हवा; नुसता पृष्ठभाग तापून चालत नाही, कारण वारा सुटला की पाणी ढवळले जाते आणि खालचे गार पाणी वर येते. जागा विषुववृत्तापासून साधारण पाच अंश तरी दूर हवी, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला जे वळण मिळते ते विषुववृत्तावर शून्य असते आणि वळणावाचून भोवरा होत नाही. वरच्या आणि खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फार तफावत नको. ती असली तर ढगांचा मनोरा माथ्याशीच छाटला जातो. मधल्या थरांत दमटपणा हवा. आणि या सगळ्यांच्या आधी बीज म्हणून कमी दाबाचे एखादे विस्कळीत क्षेत्र हवे.

एवढे जमले की पुढचे काम वाफ करते. समुद्राचे पाणी वाफ होऊन वर जाते, थंड होते, तिचे थेंब होतात आणि वाफ होताना तिने घेतलेली उष्णता हवेला परत मिळते. एक किलो वाफेचे पाणी झाले की सुमारे पंचवीस लाख ज्यूल उष्णता सुटते. तेवढ्यात चुलीवरचे सात-आठ लिटर पाणी उकळीला यावे. वादळात अशी वाफ दिवसाला अब्जावधी टनांनी पाण्यात बदलत असते. तापलेली हवा आणखी वर जाते, खाली दाब आणखी घटतो, चहूकडून आणखी दमट हवा धावत येते आणि हे चक्र स्वतःलाच पोसत राहते. मध्यभागी हवा खाली उतरते, तिथे आभाळ निवळते. तो वादळाचा डोळा. डोळ्याभोवती ढगांची भिंत असते, सर्वांत भयंकर वारे तिथे असतात. आणि भिंतीच्या बाहेर शेकडो किलोमीटरपर्यंत पावसाचे वळणदार पट्टे पसरलेले असतात. पुढच्या सगळ्या विवेचनात वाचकाने डोळ्यापेक्षा या पट्ट्यांकडे लक्ष ठेवावे. आपला संबंध त्यांच्याशी आहे.

पश्चिम प्रशांत महासागरात दरवर्षी सरासरी पंचवीसच्या आसपास नामांकित वादळे होतात. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून पाच. प्रशांत महासागरात गरम पाण्याचा विस्तार अफाट आहे आणि वादळाला जमीन लागण्याआधी वाढायला आठवडा-दीड आठवडा मिळतो. आपला उपसागर तीन बाजूंनी जमिनीने वेढलेला, त्यामुळे इथले वादळ तीन-चार दिवसांत कुठल्या तरी किनाऱ्याला लागतेच. मोकळ्या महासागरात वादळ कुठवर वाढू शकते याची नोंद 'टिप' या टायफूनच्या नावावर आहे. १२ ऑक्टोबर १९७९ला त्याच्या केंद्रातला दाब ८७० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला. समुद्रसपाटीवर इतका कमी दाब आजवर दुसऱ्या कुठल्याही वादळात मोजला गेलेला नाही. त्याच्या सोसाट्याच्या वाऱ्यांचा व्यास सुमारे २,२०० किलोमीटर होता, म्हणजे जवळजवळ दिल्ली ते कन्याकुमारी. ८ नोव्हेंबर २०१३ला फिलिपिन्सवर आलेल्या 'हैयान'ने टॅक्लोबान शहरात समुद्र घुसवला आणि सहा हजारांवर माणसे गेली. या दोन्ही वादळांवर पुस्तकात स्वतंत्र टिपणे आहेत, पण थोडक्यात. आपल्याला जायचे आहे ते पश्चिमेकडे.

टायफूनला पुढे दोन मोठ्या वाटा असतात. काही वादळे उत्तरेला वळून जपान-कोरियाकडे जातात. काही सरळ पश्चिमेला येऊन व्हिएतनामच्या किनाऱ्यावर आदळतात. पुढे अन्नामचे डोंगर, लाओस, थायलंड आणि म्यानमारच्या पर्वतरांगा. या प्रवासात खालचा वारा जवळजवळ संपतो. पण दोन-पाच किलोमीटर उंचीवरचा भोवरा आणि त्यातला दमटपणा पुष्कळदा टिकून राहतो. असा थकलेला भोवरा उत्तर बंगालच्या उपसागरावर पोचला की त्याला पुन्हा गरम पाणी मिळते. नाव गेलेले असते, गाव बदललेले असते; आपल्या हवामान खात्याच्या पत्रकात त्याची नोंद 'कमी दाबाचे क्षेत्र' अशी होते.

ही निव्वळ कल्पना नाही. के. साहा, एफ. सँडर्स आणि जे. शुक्ला या तीन शास्त्रज्ञांनी १९८१ साली यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९६९ ते १९७८ या दहा वर्षांतल्या जुलै-ऑगस्ट महिन्यांत बंगालच्या उपसागरात जी ५२ डिप्रेशन्स (म्हणजे वादळाच्या खालच्या पायरीची क्षेत्रे) आणि वादळे झाली, त्यांचा माग त्यांनी काढला. त्यांपैकी ४५ पूर्वेकडून सरकत आलेल्या कमी दाबाच्या खुणांशी जोडलेली निघाली. या सगळ्या खुणा भरभक्कम टायफूनच्याच होत्या असे नाही, पण आपल्या पावसाची मुळे किती पूर्वेला गेली आहेत हे त्यातून दिसले. अलीकडचे उदाहरण 'यागी'चे. ७ सप्टेंबर २०२४ला तो उत्तर व्हिएतनाममध्ये घुसला. त्याच्या अवशेषांनी म्यानमारमध्ये हाहाकार उडवणारे पूर आणले आणि महिन्याच्या मध्यावर पश्चिम बंगाल-झारखंडकडे सरकलेल्या डिप्रेशनच्या जन्माला त्यांचा हातभार लागला. 'गे'सारखे नाव, डोळा आणि भिंत सगळे शाबूत ठेवून हा पल्ला ओलांडणारे वादळ मात्र फार विरळा.

किनारा ओलांडल्यावर वादळाची गरम पाण्याची शिदोरी तुटते. जमिनीच्या खरबरीतपणाने वारा अडतो. हवामान खात्याच्या मोजपट्टीवर वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की चक्रीवादळ, ११८च्या पुढे अतितीव्र, २२२च्या पुढे महाचक्रीवादळ म्हणजे सुपर सायक्लोन. आणि उतरताना ६२च्या खाली डीप डिप्रेशन, ५०च्या खाली डिप्रेशन, ३१च्या खाली पुन्हा नुसते कमी दाबाचे क्षेत्र. ही उतरंड दिवस-दीड दिवसात पार होते. पण पाऊस या उतरंडीला बांधलेला नसतो. पाऊस किती पडेल हे भोवऱ्याला अजून दमट हवा मिळते आहे का, तो किती हळू सरकतो आहे आणि वाटेतली जमीन कशी आहे यांवर ठरते. पावसाळ्याच्या शेवटी विदर्भ-मराठवाड्याची काळी जमीन पाण्याने तुडुंब असते. तिच्यातून आणि उभ्या पिकांतून उठणारी वाफही विरणाऱ्या वादळाला थोडेफार बळ देते, त्यामुळे कोरड्या जमिनीवर ते जितके लवकर विझते तितके इथे विझत नाही. शिवाय मोसमी डिप्रेशन पश्चिम-वायव्येला सरकत असते तेव्हा सर्वांत जोराचा पाऊस त्याच्या केंद्राच्या नैऋत्येला पडतो. केंद्र छत्तीसगड-मध्य प्रदेशावर असले की विदर्भ नेमका त्या कोपऱ्यात येतो.

वाऱ्याची मोजपट्टी आतल्या मुलखाला किती फसवू शकते, याचा जगातला सर्वांत दारुण दाखला चीनचा आहे. ऑगस्ट १९७५मध्ये 'नीना' हा टायफून तैवान ओलांडून चीनच्या फुजियान किनाऱ्यावर आला. किनाऱ्यावर त्याने फार मोठा विध्वंस केला नाही. कमजोर होऊन तो किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, हनान प्रांतात पोचला आणि उत्तरेकडच्या थंड हवेशी गाठ पडून तिथेच घुटमळला. लिनझ्वांग इथे चोवीस तासांत १,०६० मिलिमीटर पाऊस झाला. वाशीम जिल्ह्यात अख्ख्या वर्षात सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. ८ ऑगस्टच्या पहाटे बानच्याव धरण फुटले, त्याच्या मागोमाग खालची डझनावारी धरणे गेली. अधिकृत आकडा २६,००० मृतांचा. इतर अंदाज त्याच्या कितीतरी पट आहेत. वाऱ्याच्या पट्टीवर ते वादळ तेव्हा जवळजवळ शून्य होते.

आपल्याकडची गोष्ट सुदैवाने इतकी भीषण नाही, पण धागा तोच आहे. 'गुलाब' हे वादळ २५ सप्टेंबर २०२१ला बंगालच्या उपसागरात आकाराला आले. मोसमी वारे जोरात असताना, म्हणजे सप्टेंबरात, तिथे पुरते चक्रीवादळ होणे तसे विरळच. २६च्या संध्याकाळी ते आंध्रातल्या कलिंगपट्टणमच्या उत्तरेला किनाऱ्यावर आले. वारा ताशी ७५ ते ८५ किलोमीटर, म्हणजे चक्रीवादळाची सगळ्यांत खालची पायरी. २७ला त्याचे डिप्रेशन झाले आणि ते तेलंगणातून मराठवाडा-विदर्भाकडे सरकले. २८ला पश्चिम विदर्भ आणि लगतच्या मराठवाड्यावर पोचेपर्यंत नाव गेले, दर्जा गेला. उरले ते एक ठळक कमी दाबाचे क्षेत्र. त्याच दोन दिवसांत मराठवाडा आणि विदर्भाचा पश्चिम भाग पाण्याखाली गेला. मांजरा धरणाचे सगळे दरवाजे उघडावे लागले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर एसटीची बस पुरात वाहून गेली आणि प्रवासी दगावले. पुढे हे अवशेष गुजरातवरून अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा वादळ झाले, त्याला 'शाहीन' असे नवे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर गेले. समुद्रावरच्या दोन जन्मांच्या मधे त्याने आपल्या डोक्यावर जो मुक्काम केला, तेवढ्या काळापुरते त्याला नावच नव्हते.

तारीख का महत्त्वाची, हे सोयाबीन पिकवणाऱ्याला सांगायला नको. जूनच्या अखेरीस पेरलेले पंच्याण्णव ते एकशे पाच दिवसांचे वाण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून सोंगणीला येते. पाने गळलेली, शेंगा पिवळ्या-तपकिरी झालेल्या. या अवस्थेत चार कोरडे दिवस मिळाले तर पीक घरात येते. सलग दोन-तीन दिवस झड लागली तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात. सोंगून शेतात पसरलेले किंवा सुडी (गंजी) लावलेले पीक खालून भिजते, दाणा काळा पडतो, बुरशी धरते. मळणीयंत्रातून निघालेला माल बाजार समितीत नेला तर ओलाव्यावर भाव तुटतो. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा हा नेहमीचा नियम आहे. ऑगस्टमधला १०० मिलिमीटर पाऊस आणि २८ सप्टेंबरचा १०० मिलिमीटर पाऊस पर्जन्यमापकात सारखेच दिसतात. शेतात त्यांचा अर्थ वेगळा असतो. या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात पिकाच्या अवस्था आणि वादळांच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या आहेत, त्या यासाठीच.

वाशीमचा भूगोलही या हिशेबात मोठा वाटेकरी आहे. जिल्हा अजिंठ्याच्या डोंगरांच्या पूर्वेकडच्या शाखांवर, पाणी दोन दिशांना वाटून देणाऱ्या उंचवट्यावर वसला आहे. काटेपूर्णा इथून उत्तरेला उतरते, पूर्णेला मिळते आणि तापीमार्गे अरबी समुद्र गाठते. पूस, अडाण, अरुणावती आग्नेयेला वाहतात. दक्षिण सीमेवरून जाणारी पैनगंगा हे सगळे पाणी गोळा करते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा नात्यांनी ते पुन्हा बंगालच्या उपसागरात पोचवते. म्हणजे पूर्वेच्या समुद्राने पाठवलेला पाऊस कुठल्या उतारावर पडला, यावर तो आल्या वाटेने परत जाणार की पश्चिमेला, हे ठरते. नद्यांच्या उगमाजवळचा प्रदेश असल्याने इथे महापूर आठवडाभर रेंगाळत नाही. नाले तासाभरात चढतात, काठची जमीन खरवडून नेतात आणि तितक्याच लवकर उतरतात. पुरात गेलेला मातीचा थर बातमीत येत नाही, पण पुढची पाच-दहा वर्षे तो उत्पन्नात दिसत राहतो. उताराची मुरमाड जमीन पाण्याला वाट देते, पण सुपीक थर गमावते. खोलगट भारी जमीन माती राखते, पण पाणी धरून पीक कुजवते. एकाच गावात एकाच पावसाचे असे दोन निकाल लागतात.

पूर्वेच्या समुद्रासोबत पश्चिमेच्या समुद्राचाही हिशेब ठेवावा लागतो. 'निसर्ग' चक्रीवादळ ३ जून २०२०ला अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि दुसऱ्या दिवशी विरत विरत पश्चिम विदर्भाच्या बाजूने मध्य प्रदेशाकडे गेले. तेव्हा शेते पेरणीची वाट पाहत होती, म्हणून ते इकडे कुणाच्या फारसे ध्यानात राहिले नाही. जूनमधले वादळ आणि सप्टेंबरमधले वादळ यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने जो फरक आहे, तो वाऱ्याच्या कुठल्याच मोजपट्टीत बसत नाही.

एवढे वाचून वाचकाला वादळ म्हणजे केवळ संकट वाटू लागेल, तर तो या पुस्तकाचा दोष ठरेल. पूर्वेकडून येणारी ही कमी दाबाची क्षेत्रे वेळेवर आली नाहीत तर विदर्भाचा पावसाळा अर्धवट राहतो. ऑगस्टात पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे पडले, सोयाबीन फुलोऱ्यात माना टाकू लागले की गावातला प्रत्येक जण ज्या 'लो प्रेशर'ची वाट पाहतो ते हेच. वाशीम शहराला पाणी देणारे एकबुर्जीचे धरण, अकोल्याची तहान भागवणारे महानचे काटेपूर्णा धरण, विहिरींची पातळी, हरभऱ्याच्या पेरणीची ओल, या सगळ्यांत समुद्रावरच्या थकलेल्या भोवऱ्यांचा वाटा आहे. प्रशांत महासागरातली वादळे पश्चिमेला न येता उत्तरेला वळत राहिली की आपल्याकडे पावसात खंड पडण्याचा संभव वाढतो, असे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणजे व्हिएतनामला ज्या वाटेची धास्ती वाटते, तिच्यावर आपली थोडी आसही असते. ही अडचणीची गोष्ट आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे.

नुकसान झाल्यावर ते मोजायचे कसे, हा पुस्तकाचा चौथा भाग. महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. हवामान खात्याची 'जोरदार पाऊस' ही पायरीही ६४.५ मिलिमीटरपासूनच सुरू होते. म्हणजे वाऱ्याऐवजी पावसावर मोजणारी पट्टी आपल्याकडे आहे. फरक एवढाच की ती पाऊस पडून गेल्यावर वापरली जाते. 'महावेध' प्रकल्पाने मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, तेव्हापासून हा आकडा रोज उपलब्ध असतो. पण मंडळात वीस-पंचवीस गावे आणि पर्जन्यमापक एक. नाल्याच्या अलीकडे ढग फुटावा आणि पलीकडच्या केंद्रावर ४० मिलिमीटर नोंदले जावेत, हा अनुभव गावोगावचा आहे. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांचा पंचनामा, त्याची यादी, ३३ टक्क्यांच्या वरचे नुकसान आणि खात्यावर मदत जमा होण्याची वाट. २०२१च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने त्या हंगामाच्या नुकसानीसाठी दहा हजार कोटींची मदत जाहीर केली. जिरायतीला हेक्टरी १०,००० रुपये, बागायतीला १५,०००, बहुवार्षिक पिकांना २५,०००, दोन हेक्टरांच्या मर्यादेत.

पीक विम्याचा प्रवास याहून बोलका आहे. २०१६ साली आलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या आराखड्यात सोंगून शेतात पसरलेल्या पिकाला चौदा दिवसांपर्यंत संरक्षण होते आणि त्यात चक्रीवादळ, चक्रीवादळाचा पाऊस आणि अवकाळी पाऊस यांचा नावाने उल्लेख होता. समुद्रावरचे वादळ आणि वऱ्हाडातली सुडी यांचे नाते सरकारी कागदाने इतक्या स्पष्टपणे मान्य केल्याचे उदाहरण क्वचितच सापडेल. अट एवढीच होती की ठरावीक मुदतीत, पुढच्या नियमांप्रमाणे बहात्तर तासांत, नुकसान कळवायचे. वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही, रस्त्यावर पाणी, अशा वेळी ते बहात्तर तास कसे जायचे हे सांगायला नको. खरीप २०२५मध्ये महाराष्ट्राने ही जोड-संरक्षणे काढून भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पन्नावर आणली. त्यामागे गैरव्यवहाराच्या तक्रारींचे आणि खर्चाचे कारण आहे, ते समजण्यासारखेही आहे. पण चार दिवसांच्या पावसाने एका शेतकऱ्याची सुडी सडली आणि शेजाऱ्याचा माल आधीच घरात गेला, तर मंडळाच्या सरासरीत पहिल्याचे दुःख दिसत नाही. याची चर्चा पुस्तकात दोन्ही बाजू मांडून केली आहे.

पुढे काय, या प्रश्नावर बोलताना संयम पाळला आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, हे भौतिकशास्त्र पक्के आहे. त्यामुळे त्याच वादळातून जास्त पाऊस पडण्याची तयारी ठेवावी लागेल. जगभर वादळांची संख्या वाढेलच असे नाही, पण तीव्र वादळांचे प्रमाण वाढते आहे, असे जागतिक अहवाल सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तीर्ण भागावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीने वाढल्या. त्या पट्ट्यात आपला भागही येतो. सरासरी पाऊस तेवढाच आणि तो पडायला दिवस मात्र कमी, असा या बदलाचा शेतातला अर्थ आहे.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात वादळाचा जन्म आणि वाढ, दुसऱ्यात प्रशांत महासागर ते विदर्भ ही वाट, तिसऱ्यात पीक आणि पाणी, चौथ्यात नुकसानीचा हिशेब आणि पाचव्यात हवामान खात्याची पत्रके कशी वाचायची. घाईत असलेल्या वाचकाने पाचवा भाग आधी वाचला तरी चालेल. त्यात तीन गोष्टींवर भर दिला आहे. किनारा ओलांडण्याची वेळ टिपून ठेवावी, कारण गुलाबच्या वेळी आंध्रच्या किनाऱ्यापासून इथल्या पावसापर्यंत मधे साधारण एक-दीड दिवस होता. वादळाचा दर्जा घसरल्याची ओळ वाचली तरी तिच्या खालची विभागनिहाय पावसाची ओळ वाचल्याशिवाय पत्रक बाजूला ठेवू नये. आणि केंद्र कुठे आहे यासोबत ते किती वेगाने सरकते आहे हे पाहावे. हळू चालणारे कमजोर क्षेत्र वेगाने जाणाऱ्या वादळापेक्षा जास्त पाणी टाकून जाते.

एक-दीड दिवसात फार काही करता येत नाही, असे कुणी म्हणेल. सोंगणीला मजूर लावायचे की थांबवायचे, पसरलेले पीक गोळा करून ताडपत्रीखाली घ्यायचे का, मळणीयंत्रवाल्याला आज बोलवायचे की चार दिवसांनी, नाल्याकाठच्या शेतातली मोटार वर काढायची का, रात्रीचा प्रवास टाळायचा का, हे सगळे निर्णय तेवढ्या वेळात होतात. किनाऱ्यावर १९९९च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. २०१३च्या 'फायलिन'मध्ये, वारा थोडा कमी पण तरीही भयंकर असताना, पन्नासच्या आत. एवढा फरक वाऱ्यामुळे पडला नव्हता, मधल्या काळात इशारा आणि त्यावर हलणारी यंत्रणा बदलली होती. तशी यंत्रणा आतल्या मुलखासाठी अजून उभी राहायची आहे, आणि तिचे एकक वाऱ्याचा वेग नसून मंडळनिहाय पाऊस हे असले पाहिजे. ६५ मिलिमीटरचा आकडा आज ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतो तो मदतीच्या यादीच्या वेळी. तोच आकडा अंदाज म्हणून छत्तीस तास आधी त्याच फलकावर लावता आला, तर पंचनाम्याच्या याद्या थोड्या आखूड होतील. तशी मागणी करायला लागणारी माहिती आणि शब्द वाचकाच्या हाती द्यावेत, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.